लिफ्टची जबाबदारी कुणाची?

एखाद्या इमारतीच्या आवारात मी पाय ठेवला, की रखवालदार वरच्या मजल्यावर निरोप धाडी, "महापालिकेचा माणूस आलाय." मी महापालिकेत कधीच नव्हतो. इमारतीचा आराखडा महापालिका मंजूर करते, पाणी आणि कचराही तिच्याकडे. पण लिफ्ट बसवण्याचा आणि चालवण्याचा परवाना मात्र आपल्याकडे राज्य शासन देते. मी त्या शासनाचा लिफ्ट निरीक्षक. सरकारी कागदावर आमच्या यंत्राचे नाव 'उद्वाहन'. तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत हा शब्द मी हजारो वेळा लिहिला असेल, पण कुणाच्या तोंडून एकदाही ऐकला नाही. लोक म्हणत 'लिफ्ट', आणि बहुतेक वेळा त्याला जोडून म्हणत, 'बंद आहे'.

लिफ्टचा इतिहास दोन तऱ्हांनी सांगता येतो. एक यंत्राचा इतिहास. तो पुस्तकांत सापडतो. दुसरा जबाबदारीचा, म्हणजे हे यंत्र नीट ठेवायचे कुणी, त्याचा खर्च द्यायचा कुणी आणि काही झाले तर उत्तर द्यायचे कुणी, याचा. तो पुस्तकांत फारसा नाही. तो मी गच्चीवरच्या मशीनरूममध्ये आणि सोसायट्यांच्या कचेऱ्यांत बसून पाहिला. आज दोन्हींबद्दल थोडे बोलतो.

वजन वर ओढून घेण्याची युक्ती माणसाला फार जुनी ठाऊक आहे. आपल्याकडची विहिरीवरची मोट आठवा. चाक, नाडा आणि ओढणारे बैल. लिफ्टचे मूळ तेच आहे, फक्त बैलांच्या जागी मोटर आली. पण लिफ्टमध्ये आणखी एक गोष्ट असते, जी बाहेरून दिसत नाही. दोराच्या एका टोकाला आपण बसतो ती केबिन आणि दुसऱ्या टोकाला लोखंडी वजन. हे वजन साधारणपणे रिकामी केबिन अधिक तिच्या क्षमतेचा निम्मा किंवा त्याहून थोडा कमी भार, इतके ठेवतात. तराजूची दोन पारडी जवळजवळ सारखी झाली, की मोटरला सगळे वजन उचलावे लागत नाही, फक्त फरक उचलावा लागतो. म्हणूनच रिकामी लिफ्ट ब्रेक सुटला तर खाली न पडता वर धावते. ही गोष्ट मी सांगितली, की शिकलेली माणसेही माझ्याकडे संशयाने पाहत.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशा यंत्रांनी माल चढवला जाई, माणसे बसायला धजत नसत. दोर तुटला तर काय, ही भीती. अमेरिकेत एलिशा ओटिस या कारागिराने १८५२ च्या सुमारास तिच्यावर उपाय शोधला आणि १८५४ साली न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनात लोकांसमोर करून दाखवला. तो स्वतः उघड्या फळीवर उभा राहिला, फळी उंच चढवली आणि वरचा दोर कापायला लावला. फळी जराशी घसरली आणि जागच्या जागी अडकली. दोराचा ताण गेला, की एक स्प्रिंग मोकळी होऊन बाजूच्या दातेरी पट्ट्यांत अडकते, एवढीच ती युक्ती. १८५७ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर काचसामानाच्या एका पाच मजली दुकानात माणसांसाठी पहिली ओटिस लिफ्ट बसली. १८८० साली जर्मनीत मानहाइम येथे सीमेन्सने विजेवर चालणारी लिफ्ट दाखवली. तोवर वरचे मजले गरिबांचे आणि नोकरांचे असत. लिफ्ट आल्यावर तेच मजले महाग झाले. हवा आणि उजेड पूर्वीही वरच होता, पण आता तो जिना न चढता मिळू लागला.

पुढे ओटिसच्या युक्तीत आणखी एक भर पडली. दोर तुटलाच नाही, पण ब्रेक निकामी होऊन केबिन भलत्या वेगाने खाली निघाली तर? त्यासाठी वेगनियंत्रक आला. त्याचा वेगळा बारीक दोर केबिनबरोबर फिरतो. ठरलेल्या मर्यादेपलीकडे वेग गेला, की नियंत्रक तो दोर पकडतो आणि केबिनच्या तळाशी असलेले जबडे बाजूच्या लोखंडी रुळांना घट्ट आवळतात. हे किती महत्त्वाचे आहे ते एका विलक्षण अपघाताने दाखवून दिले. २८ जुलै १९४५ रोजी दाट धुक्यात एक बॉम्बफेकी विमान न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवर आदळले. तिथली लिफ्ट चालवणारी बेटी लू ऑलिव्हर भाजली. तिला दुसऱ्या लिफ्टमधून खाली पाठवताना त्या लिफ्टचे दुखावलेले दोर तुटले आणि केबिन पंचाहत्तर मजले कोसळली. जबडे का आवळले नाहीत? कारण वेगनियंत्रकाचा दोरही विमानाच्या तडाख्यात कापला गेला होता. तरीही ती बाई वाचली. तळाशी तुटलेल्या दोरांचा ढीग गोळा झाला होता, त्याने धक्का झेलला. दोर तुटून लिफ्ट कोसळायला निदान विमान आदळावे लागते, असे मी घाबरणाऱ्या लोकांना सांगत असे. लिफ्टला एकच दोर नसतो, चार-सहा असतात, आणि त्यांतला प्रत्येक दोर सहसा एकटाही केबिन पेलू शकतो.

मग अपघात होतात कशाने? त्याकडे येतोच. त्याआधी आपल्या मुलखात लिफ्ट कशी आली ते पाहू.

कोलकात्याच्या तेव्हाच्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये, म्हणजे नंतरच्या राजभवनात, १८९२ साली ओटिस कंपनीची लिफ्ट बसली. मुंबईत १९०३ साली ताजमहाल हॉटेल सुरू झाले, तेव्हा त्यात जर्मन बनावटीच्या लिफ्ट होत्या. शहरात विजेची कंपनी १९०५ ची, विजेची ट्राम १९०७ ची. वीज आली तशा फोर्टातल्या कचेऱ्यांत लिफ्ट आल्या. पण लिफ्ट घरात आली ती १९३० नंतर. बॅकबेला समुद्र हटवून नवी जमीन तयार झाली होती, सिमेंट काँक्रीट रुळले होते, आणि मरीन ड्राइव्ह व ओव्हल मैदानाच्या कडेला गोलसर सज्जांच्या इमारती उठत होत्या. त्या इमारतींच्या जिन्याला वळसा घालून जाळीच्या पिंजऱ्यातून चढणारी लिफ्ट हे तेव्हाच्या नव्या सुखवस्तू जगण्याचे चिन्ह होते. आत स्टुलावर लिफ्टमन, हाताशी पितळी मूठ.

अशा शेकडो पिंजऱ्यांतून माणसे वरखाली करू लागल्यावर सरकारला कायद्याची गरज वाटली. तो झाला १९३९ साली, 'मुंबई लिफ्ट अधिनियम'. मुंबई प्रांतात तेव्हा बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ होते. त्या वर्षीची दारूबंदी लोकांच्या लक्षात राहिली. लिफ्टचा कायदा कुणाच्याच राहिला नाही. पण तो अठ्ठ्याहत्तर वर्षे टिकला. १९४२ साली तो दिल्लीला लागू करण्यात आला, १९६० नंतर गुजरातनेही पुष्कळ वर्षे तोच चालवला.

कायदा छोटा होता आणि त्याची भाषा मला आवडे. लिफ्ट म्हणजे काय, तर केबिन असलेले, बहुतांशी उभ्या दिशेने जाणारे, शक्तीवर चालणारे, माणसे किंवा माल वाहणारे यंत्र. आणि शक्ती म्हणजे काय, तर जी माणसाच्या किंवा जनावराच्या बळातून आलेली नाही अशी कोणतीही ऊर्जा. म्हणजे मोट लिफ्ट नव्हे आणि गडावर नेणारी डोलीही नव्हे! पुढचा भाग कामाचा होता. लिफ्ट बसवण्याआधी परवानगी, चालवण्याआधी परवाना, निरीक्षकाला तपासणीसाठी प्रवेशाचा अधिकार, दोष आढळला तर दुरुस्तीचा आणि गरज पडल्यास लिफ्ट बंद ठेवण्याचा हुकूम. अपघात झाला तर तो कळवायचा, आणि निरीक्षकाच्या परवानगीशिवाय लिफ्टला हात लावायचा नाही. या सगळ्याला उत्तरदायी कोण? कायदा म्हणे, मालक.

आता इथे इतिहासाची एक गंमत झाली. कायद्याने १९३९ मध्ये जबाबदारी मालकावर टाकली. पुढे १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आला आणि त्याने प्रमाणभाडे ठरवताना १ सप्टेंबर १९४० चे भाडे धरले. भाडेकरूला तो कायदा हवाच होता. युद्ध, फाळणी, शहरात लोटलेली माणसे. भाडे मोकळे सोडले असते तर हजारो कुटुंबे रस्त्यावर आली असती. पण दोर, ब्रेकचे अस्तर आणि मिस्त्रीची मजुरी १९४० च्या भावात मिळत राहिली नाही. मी नोकरीला लागलो त्या सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दक्षिण मुंबईत अशा कितीतरी लिफ्ट होत्या. मी दोष लिहून द्यायचा, मालक म्हणायचा, "साहेब, सगळ्या इमारतीचं महिन्याचं भाडं दोराच्या किमतीला पुरत नाही." भाडेकरू म्हणायचे, "लिफ्ट चालू ठेवणं मालकाचं काम." दोघेही खरे बोलत. लिफ्ट बंद होई, आणि चौथ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई सहा-सहा महिने खाली उतरत नसत. ते गोठलेले भाडे आता वाजवी राहिलेले नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली म्हटले. तोवर पिंजरे गंजून गेले होते.

लिफ्ट बंद करण्याचा हुकूम लिहिणे हे आमच्या कामातले सर्वांत अवघड काम. बाहेरच्याला वाटते, सही करायला काय लागते? पण त्या इमारतीत कुणाला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायचे असते, कुणाच्या मुलीला पोलिओ झालेला असतो. ते लोक समोर येऊन उभे राहतात. सही नाही केली तर धोका सगळ्यांना. केली तर त्रास नेमका ज्यांना सोसवत नाही त्यांना. मी अशा वेळी जिना चढून त्यांच्या घरी जात असे आणि काय बिघडले आहे ते समजावून सांगत असे. कायद्यात हे काम लिहिलेले नव्हते, पण त्याशिवाय हुकूम पाळला जात नसे. निरीक्षकाची पाठ वळली की खटका पुन्हा वर.

तपासणी वरून सुरू होते. गच्चीवरची मशीनरूम उघडली, की आधी तिथल्या वस्तू बाहेर काढाव्या लागत: गणपतीची आरास, जुन्या सायकली, वाळवणाचे पापड. मग ब्रेक पाहायचा. लिफ्टचा ब्रेक वीज असताना सुटतो आणि वीज गेली की स्प्रिंगच्या जोराने आपोआप लागतो, म्हणून वीज गेल्यावर लिफ्ट पडत नाही, थांबते. मग दोर. दोरावर तांबूस भुकटी दिसली, की आतून गंज चढला समजायचे. तुटलेल्या बारीक तारा मोजायच्या. मग केबिनच्या टपावर उभे राहून सावकाश खाली उतरत प्रत्येक मजल्याच्या दरवाजाचे कुलूप तपासायचे. शेवटी तळाचा खड्डा. मुंबईच्या पावसाळ्यात त्यात पाणी हे ठरलेलेच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर कित्येक दिवस आम्ही खड्ड्यातले पाणी उपसलेल्या लिफ्टच पाहत होतो. तेव्हापासून मी सांगत आलो आहे, की आवारात पाणी चढू लागले तर लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन मुख्य खटका बंद करावा.

केबिनमधली पाटी आपण वाचली असेल: 'सहा माणसे, ४०८ किलो'. माणशी अडुसष्ट किलो, हा आपल्या भारतीय मानकाचा तेव्हाचा हिशेब. मात्र सहा माणसांच्या लिफ्टमध्ये सिमेंटच्या पोत्यांचा ढीग रचताना कुणी ही पाटी वाचत नाही. घरात फरशी बदलण्याचे काम निघाले की आमच्याकडच्या तक्रारी वाढत.

आता अपघातांविषयी. माझ्या पाहण्यातले जवळजवळ सगळे गंभीर अपघात दरवाजापाशी झाले, दोरापाशी नाही. नियम साधा आहे. केबिन समोर असल्याशिवाय मजल्याचा दरवाजा उघडता कामा नये, आणि दरवाजा नीट लागल्याशिवाय केबिन हलता कामा नये. दरवाजाच्या कुलपातला छोटासा विद्युत संपर्क हे काम करतो. तो वारंवार बिघडतो, लिफ्ट थांबते, लोक ओरडतात. मग कुणीतरी मिस्त्री तारेचा तुकडा टाकून तो संपर्क कायमचा जोडून देतो. लिफ्ट सुरू होते, सगळे खूश. पण आता ती दार उघडे असतानाही चालते. दोन इंच तारेने ओटिसपासूनची सगळी मेहनत फुकट घालवता येते. अंधाऱ्या मजल्यावर एखादा माणूस सवयीने दार ओढतो, ते उघडते, तो पाऊल टाकतो, आणि समोर केबिन नसते. जुन्या जाळीच्या दारांतून लहान मुलांचे हात बाहेर जात, तो प्रकार नव्या बंद दारांनी कमी केला. तारेचा तुकडा मात्र कुठल्याही दाराला टाकता येतो.

दुसरा प्रसंग लिफ्ट अडकण्याचा. केबिन हवाबंद नसते, आत गुदमरण्याची भीती नाही. आत थांबणे हीच सर्वांत सुरक्षित गोष्ट. धोका असतो तो दोन मजल्यांमध्ये अडकलेल्या केबिनमधून घाईने बाहेर उडी मारण्यात. केबिनच्या तळाखाली उघडी पोकळी असते आणि उतरणाऱ्याचा तोल त्या बाजूला जातो.

ऐंशीच्या दशकापासून मालकाची जागा सोसायटीने घेतली. जिथे पूर्वी एक मालक शोधावा लागे, तिथे आता चाळीस मालक आणि एक दमलेला सेक्रेटरी. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सर्व सभासदांनी सारखा द्यायचा, लिफ्ट वापरा अगर न वापरा. तळमजल्यावरचा सभासद दर वार्षिक सभेत उठून विचारतो, "मी कशाला देऊ?" या एका प्रश्नावर देखभालीचे करार लांबलेले मी पाहिले आहेत. आणि त्याच इमारतींत घरकामाच्या बायकांनी लिफ्ट वापरू नये अशी पाटीही पाहिली आहे. परवाना देताना आम्ही माणशी अडुसष्ट किलो मोजत असू, कोणत्या माणसाचे ते विचारत नसू. अशी पाटी दिसली, की मी सेक्रेटरीला एवढेच सांगत असे.

सर्वांत कठीण प्रश्न मात्र झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींचा आहे. १९९५ नंतर या योजनेतून मुंबईत सात मजली आणि पुढे त्याहून कितीतरी उंच इमारती उभ्या राहिल्या. रहिवाशांना घर फुकट मिळाले, पण घराबरोबर लिफ्टही मिळाली, आणि लिफ्ट दरमहा खायला मागते. देखभालीसाठी बिल्डरने सुरुवातीला सदनिकेमागे वीस हजार रुपयांचा निधी द्यायचा आणि त्याच्या व्याजातून खर्च भागवायचा, अशी कल्पना होती. लिफ्टचा मोठा भाग बदलायची वेळ आली, की हे व्याज कुठल्या कुठे उडून जाते. जमिनीवर दाराशी बसून टोपल्या विणणारी, इडल्या करणारी माणसे आपण वर नेली. लिफ्ट बंद पडली की त्यांचा धंदाच अडकतो. दक्षिण मुंबईतल्या गोठलेल्या भाड्याची गोष्ट इथे नव्या रूपात पुन्हा घडताना दिसते. जबाबदारी एकाची ठरते आणि पैसा दुसरीकडेच असतो.

२०१७ साली महाराष्ट्राने नवा कायदा केला. जुन्या व्याख्येतले 'उभ्या दिशेने' हे शब्द सरकत्या जिन्यांना लागू पडत नव्हते, आणि मॉलपासून रेल्वे स्टेशनपर्यंत ते जिने तर सगळीकडे आले होते. नव्या कायद्याने सरकते जिने आणि सरकते मार्गही आपल्या कक्षेत घेतले. तांत्रिक मानकेही बदलत गेली. चांगलेच झाले. पण कायदा बदलला तरी निरीक्षक आजही एखाद्याच दिवशी येणार. उरलेले दिवस लिफ्ट आपल्याच हाती असते.

म्हणून आपल्याला तीन कामे सांगतो. आपल्या लिफ्टचा परवाना आणि शेवटच्या तपासणीचा कागद सेक्रेटरीकडे मागून पाहा. दार उघडे असताना लिफ्ट हलली, तर 'चालतेय ना' असे न म्हणता ताबडतोब ती बंद करायला लावा. आणि देखभालीचा करार सर्वांत स्वस्त कोणता, एवढाच प्रश्न सभेत विचारू नका; तो मिस्त्री महिन्यातून किती वेळा येतो आणि खड्ड्यात उतरतो का, हेही विचारा. तळमजल्यावरच्या सभासदाला सांगा, की त्याच्या घरी येणारा पाहुणा नसेल, पण वरच्या मजल्यावर त्याला तपासायला येणारा डॉक्टर राहत असेल. लिफ्ट त्या दोघांचीही आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)